फवारणीची नोंद आण्णा कॅलेंडरवर करतात, निर्यातीला तेवढं चालेल का?

दिंडोरी_थॉमसन

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे, दोन एकर थॉमसन आणि एक एकर सोनाका. आजवर माल बागेतच व्यापाऱ्याला दिला. यंदा थॉमसनचा प्लॉट युरोपसाठी नोंदवायचा विचार आहे. कृषी खात्याकडची नोंदणी, सातबारा, प्लॉटचा नकाशा हे कळलंय. घोडं अडलंय ते फवारणीच्या नोंदींपाशी.

आमचे आण्णा नोंद कॅलेंडरवर करतात, दुधाच्या खाड्यांशेजारी. मागच्या हंगामातल्या काही जशाच्या तशा देतो: "निळं मारलं." "डाऊनी + टॉनिक." "भुरी, ३ टाक्या." "पाऊस. परत मारलं." (डाऊनी, भुरी हे बुरशीचे रोग.) नोव्हेंबरातल्या एका चौकोनात नुसतं "दुकानदाराचं" एवढंच आहे. ते काय होतं हे आता आण्णांनाही सांगता येत नाही आणि दुकानदारालाही.

निर्यातदाराचा फील्डवरचा माणूस येऊन गेला. तो म्हणाला, दप्तराचं टेन्शन घेऊ नका, आमच्याकडे भरून मिळतं, तुम्ही फक्त सही करायची. आण्णांना ते पटलं. मला नाही पटलं, पण नेमकं का ते सांगता येईना.

तर प्रश्न असे: नोंद काय काय करायची? वही बरी की मोबाइल? आणि सुरुवात कधीपासून, फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीपासून केली तर चालेल का? उन्हाळ्यातली खरड छाटणी होऊन महिना झालाय.

निफाडकर_बागवान

भावा, दप्तर सगळीकडे भरूनच मिळतं. तपासणीला येणाऱ्यालाही ते माहीत असतं. मालात औषधाचा अंश किती याचा लॅबचा रिपोर्ट पास आला की वही कोण उघडून बघतो? नापास आला तर वही असून काय उपयोग? सही कर आणि बागेत लक्ष घाल.

सावळजची_ताई

आधी तुझ्या आण्णांना नमस्कार सांग. लिहितात तरी. आमच्याकडे निम्म्या बागांत तेवढंही नसतं, सगळा कारभार डोक्यात.

मी तासगाव तालुक्यातली. आमच्यात बाग हे बघतात आणि वही मी बघते. त्यामुळे निफाडच्या भाऊंचं वाचून राहवलं नाही.

भरून मिळणारं दप्तर कसं तयार होतं ते मी जवळून बघितलंय. निर्यातीच्या द्राक्षाला चालणाऱ्या औषधांची, अनेक्शर पाचची यादी समोर ठेवायची, त्यातली औषधं क्रमानं उतरवायची, प्रत्येकाचा काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी, किमान दिवस) नीट बसेल अशा तारखा टाकायच्या. एक पेन, एक बैठक. अक्षर सुंदर. पण त्या दप्तरात पाऊस पडत नाही, ब्लोअरचा (ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राचा) पट्टा तुटत नाही, दुकानात हवं ते औषध संपलेलं नसतं, शेजाऱ्याच्या बागेतून वारा येत नाही. एका माणसाच्या चार प्लॉटवर एकाच दिवशी सकाळी सातला फवारणी झालेली असते आणि ट्रॅक्टर मात्र एकच असतो. असं दप्तर कपाटात छान दिसतं. प्लॉटमध्ये काही निघालं की त्याच्यातून एक अक्षराचं उत्तर मिळत नाही.

आणि सही तुझी असते बाबा. निर्यातदाराच्या माणसाची नाही.

२०१० तुला आठवत नसेल, लहान असशील. त्या वर्षी आपली द्राक्षं युरोपात पोचली आणि तिकडच्या तपासणीत सीसीसी सापडलं. वेलीची वाढ रोखणारं औषध, आपण ज्याला सरसकट लिहोसीन म्हणतो ते. मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तेव्हा ते रसायन नव्हतंच, म्हणून प्लॉट इथं पास झाले, कंटेनर गेले, आणि तिथं जाऊन अडकले. पुढचं काय सांगू. माल गेला, पैसे येईनात. आमच्या भावकीतल्या बागा त्यात होत्या. त्या वेळी जो तो एकच सांगत होता, "आम्ही ऑक्टोबर छाटणीनंतर थेंबभर मारलं नाही." खरंही असेल. पण हे औषध मारतात कधी? खरड छाटणीनंतर, काडीत घड चांगला धरावा म्हणून. वेलीत त्याचा अंश टिकून राहतो. एप्रिल-मे-जूनमध्ये किती वेळा आणि किती मारलं, याची लेखी नोंद कुणाकडंच नव्हती. सगळ्यांच्या वह्या ऑक्टोबरपासून सुरू. निर्यातीच्या फॉर्मला तेवढंच लागायचं ना.

म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिलं: आजपासून सुरू कर. खरड छाटणी होऊन महिना झालाय म्हणतोस, तर या महिन्यात काय काय गेलं ते आण्णांशेजारी बसून आठवून लिही आणि वर स्पष्ट लिही, "आठवून लिहिलेलं." आठवणीतलं आणि डोळ्यांदेखतचं एका रांगेत बसवू नको.

आता काय लिहायचं. दुकानातलं नाव लिहून भागत नाही, पुड्यावर बारीक अक्षरांत असलेलं घटकाचं नाव लागतं, टक्क्यांसकट. एकाच घटकाची दहा कंपन्यांची दहा नावं असतात, आणि कधी नाव जवळजवळ तेच, शेवटी एखादं अक्षर वाढलेलं, आत घटक दोन. जोड औषध असेल तर दोन्ही घटक लिही. त्यांतल्या ज्याचा कालावधी मोठा तो धरायचा. बॅच नंबर लिही. दुकानाचं बिल वहीच्या पाठीमागच्या पाकिटात ठेव, आणि बिल पक्कं घे, चिठ्ठीवर "औषध १८००" असं नको.

मग टाकी. लिटरला किती ग्रॅम हे सगळे लिहितात, पण टाक्या किती झाल्या आणि किती क्षेत्रावर झाल्या हे लिहीत नाहीत. पोंग्याच्या वेळी, म्हणजे डोळे फुटताना, ६०० लिटरची टाकी जेवढं क्षेत्र मारते तेवढं पान भरल्यावर मारत नाही. म्हणजे लिटरचं प्रमाण तेच राहिलं तरी एकराला गेलेलं औषध वाढतं. यादीत मात्रा दिलेली असते ती बऱ्याचदा हेक्टरी पाण्याचा एक अंदाज धरून. तुझ्या टाक्यांचा हिशेब नसेल तर तू मात्रेत होतास की बाहेर, हे तुलाच कळणार नाही.

तारखेशेजारी छाटणीनंतरचा दिवस लिही. बागायतदार दिवसांतच बोलतो. "पंचेचाळिसाव्या दिवशी डाऊनी दिसला" म्हटलं की बाग डोळ्यांसमोर उभी राहते, १४ नोव्हेंबर म्हटल्यावर राहत नाही. आमच्या वहीतली एक ओळ देते, तशीच धर:

"८ डिसेंबर, दिवस ६२ (छाटणी ७ ऑक्टोबर). प्लॉट २. गंधक ८०% डब्ल्यूडीजी, लि. २ ग्रॅम, टाकीला १ किलो २००. दोन टाक्या, वरच्या बाजूच्या चार ओळी राहिल्या, नोझल चोकअप. सकाळी ६.४० ते ८.३०, वारा नाही. भुरी: ओढ्याकडच्या कोपऱ्यात पानांवर. टाकी आधी धुतली."

त्या चार राहिलेल्या ओळी बघ. भरून मिळणाऱ्या दप्तरात त्या कधीच नसतात. पुढच्या आठवड्यात त्याच ओळींत भुरी वाढली की "औषधच डुप्लिकेट" म्हणून दुकानदाराशी भांडायला जायची वेळ येत नाही, आणि घाबरून दुप्पट मात्रा मारायचीही.

"टाकी आधी धुतली" हेही उगीच नाही. तुमच्या नाशकात एकाच टाकीनं कांदा होतो, टोमॅटो होतो आणि मग द्राक्ष. युरोपात ज्या औषधाला ठरावीक मर्यादा नेमून दिलेली नाही त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागते. हिशेब करून बघ: १०० टन द्राक्षात १ ग्रॅम. एकराला १० टन धरले तर १० एकरांच्या मालात एक ग्रॅम. टाकीच्या तळाशी राहिलेल्या कांद्याच्या औषधाला एवढं जड नाही.

यादीही दर वर्षी नवी घ्यायची. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ती दर हंगामाला सुधारतं, कारण तिकडच्या मर्यादा बदलत राहतात. क्लोरपायरिफॉसचंच घे. मिलीबगला (पिठ्या ढेकणाला) वर्षानुवर्षं वापरलेलं औषध. युरोपनं जानेवारी २०२० मध्ये त्याची मान्यता संपवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून मर्यादा ०.०१ वर आणली. ज्यानं त्या उन्हाळ्यात जुन्या सवयीनं वापरलं आणि पुढच्या फेब्रुवारीत माल काढला, त्याला हंगामाच्या मध्यात नियम बदललेला भेटला. त्यानं कधी आणि किती वापरलं होतं याची लेखी नोंद असेल तर तो प्लॉट युरोपला द्यायचा की नाही हे आधी ठरवता येतं. नसेल तर नशीब.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मारायला नको होतं ते मारलं गेलं, तर तेही लिही. विशेष करून तेच लिही. यादीबाहेरचं असो, काढणीपूर्व कालावधी सुरू झाल्यावरचं असो. तो प्लॉट त्या हंगामाला देशी बाजारात जाईल, जाऊ दे. वहीत लपवलं तर बागेतून थोडंच जाणार आहे.

वही की मोबाइल? वही. कारण खाली सांगते, आता दूध घालायची वेळ झाली.

नमुना_घेणारा

ताईंनी बरंच सांगितलं. मी एका खासगी प्रयोगशाळेत काम करतो, हंगामात रोज प्लॉटवर असतो. लॅबच्या बाजूनं थोडी भर.

नमुना शेतकऱ्यानं आणून द्यायचा नसतो, आमचा माणूस येऊन प्लॉटभर फिरून घेतो. पुढं यंत्रात शेकडो रसायनं एकदम तपासली जातात, तुम्ही वहीत काय लिहिलंय ते बघून नाही. म्हणून निफाडकरांचं अर्धं बरोबर: वहीमुळे रिपोर्ट पास होत नाही.

पण रिपोर्ट नापास झाल्यावर वहीशिवाय काही चालत नाही. एखादं रसायन मर्यादेच्या वर निघालं की त्या प्लॉटला इंटर्नल अलर्ट लागतो आणि तो माल युरोपला जाऊ शकत नाही. समजा, आकडा मर्यादेच्या जरासा वर आहे. थांबावं का? काही दिवसांनी पुन्हा नमुना द्यावा का? याचं उत्तर त्या औषधाची शेवटची फवारणी कधी झाली त्यावर आहे. वीस दिवसांपूर्वी झाली असेल तर अंश अजून उतरतोय, थांबण्यात अर्थ आहे. सत्तर दिवसांपूर्वी झाली असेल आणि तरी एवढं उरलंय, तर दहा दिवसांनी फारसा फरक पडणार नाही, उलट मणी मऊ पडतील आणि देशी बाजारातला भावही जाईल. मी शेतकऱ्याला विचारतो, "शेवटचं कधी मारलं?" समोर सुबक दप्तर येतं. त्यात हे औषधच नसतं. मग मी काय सांगू?

दुसरी गोष्ट, जी वहीतूनच पकडता येते. बऱ्याचदा शेतकरी खरंच सांगतो की हे मी मारलंच नाही. तेव्हा चार शक्यता राहतात: शेजारचा वारा, टाकीतलं आधीचं, गड्याकडून पुड्यांची अदलाबदल, आणि "बायो" किंवा "टॉनिक" म्हणून विकलेल्या बाटलीत मिसळलेलं रासायनिक कीटकनाशक. चौथी शक्यता लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त वेळा खरी निघते. कुठल्या दिवशी कुठल्या बॅचची कुठली बाटली गेली हे लिहिलेलं असेल, आणि बाटलीत थोडं शिल्लक ठेवलं असेल, तर तपासून बघता येतं. दिंडोरीच्या भावाच्या कॅलेंडरवरचं "दुकानदाराचं" मला याच यादीत बसवावंसं वाटतं, पण पुरावा काय?

आणखी एक. मॅन्कोझेब, प्रोपिनेब, मेटिराम ही तीन वेगळी औषधं आहेत असं धरून लोक आळीपाळीनं मारतात. साधारण तपासणीत ती वेगळी दिसत नाहीत. तिघांतूनही निघणारा कार्बन डायसल्फाइड आम्ही मोजतो, रिपोर्टला आकडा एकच. वहीत त्या तिघांची मिळून एक बेरीज ठेवा. कुठली जोड औषधं त्या गटात मोडतात ते पुड्यावरचं घटकाचं नाव वाचूनच कळतं.

दिंडोरी_थॉमसन

ताई, सर, खूप आभार. दोन्ही पोस्ट आण्णांना वाचून दाखवल्या. २०१० चं ऐकून ते गप्प झाले, मग म्हणाले, "लिहोसीन आपण पण मारायचो, पण आपला माल लोकल होता."

अडचण वेगळी आहे. आमच्याकडे ब्लोअर चुलतभाऊ चालवतो, टाकी कालवायला सुरगाण्याचे एक दादा आहेत. त्यांना लेबल वाचता येत नाही. खरं सांगायचं तर लेबलवरची काही नावं मलाही धड वाचता येत नाहीत. फवारणी पहाटे होते तेव्हा मी नाशिकला कामावर निघालेलो असतो. संध्याकाळी येऊन विचारलं तर तिघांची तीन उत्तरं.

सावळजची_ताई

संध्याकाळी विचारूच नको. संध्याकाळी माणूस काय मारलं ते सांगत नाही, काय मारायचं ठरलं होतं ते सांगतो. दोन्हींत फरक पडतो तो पहाटेच.

वाचता येत नाही त्यानं काही अडत नाही. आमच्याकडे टाकीपाशी पत्र्याचा डबा आहे. पुडा फोडला की घटकाचं नाव आणि बॅच असलेली पट्टी कात्रीनं कापायची आणि डब्यात टाकायची. बाटली असेल तर तिचा मोबाइलवर फोटो, लेबलचा आणि बॅचचा. टाकी संपली की डब्यात एक खडा. एवढंच काम. हे काम कालवणाऱ्या दादांकडेच दे, चुलतभावाकडे नको. ज्याच्या हातातून औषध टाकीत पडलं त्याच्याच हातानं पट्टी डब्यात पडली पाहिजे. आणि दादांना सांग, चुकून वेगळा पुडा पडला तरी पट्टी टाका, कुणी रागावणार नाही. हे आण्णांनी सांगितलं तर जास्त चांगलं, कारण त्यांच्याच रागाला भिऊन लोक पट्टी खिशात घालतील.

तू रात्री आलास की डबा उपडा कर. पट्ट्या वहीत चिकटव, खडे मोजून टाक्या लिही. नाव वाचता आलं नाही तरी पट्टी चिकटलेली आहे, कुणीही वाचेल. आमच्या वहीची पानं त्यामुळे जाड झालीत, मिटत नाहीत, वर औषधाचा वास. हात धुऊन बसायचं आणि वही स्वयंपाकघरात आणायची नाही. पट्टी कापताना दादांच्या हातात मोजे हवेत, ते घेऊन दे.

आता मोबाइलचं. फोटोला वेळ आपोआप पडते, ते चांगलं. पण फोन बदलतो, पडतो, पोरं गेमसाठी जागा करायला फोटो पुसतात. अ‍ॅपमध्ये भरायचं म्हणशील तर पहाटे ओल्या हातानं कुणी भरत नाही, आणि मग सगळे रविवारी बसून आठवड्याचं भरतात. रविवारचं भरलेलं अ‍ॅप आणि भरून मिळणारं दप्तर, दोन्ही मला सारखीच. फोटो पुरावा म्हणून ठेव, नोंद वहीत कर.

वहीत चुकलं तर खाडाखोड करून गिरवू नको, व्हाइटनर तर अजिबात नको. एक आडवी रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहून तारीख घाल. तपासणीला आलेल्या जाणत्या माणसाला रेघा दिसल्या की बरं वाटतं. एकही रेघ नसलेली वही दिसली की तो चष्मा काढून पुसतो आणि पहिल्यापासून वाचायला लागतो.

एक हिशेब वहीच्या पहिल्या पानावर ठेव. अंदाजे काढणी कुठल्या दिवशी ते लिही, समज दिवस १३०. मग चाळीस दिवस कालावधीचं औषध नव्वदाव्या दिवसानंतर बंद. हे सगळेच करतात. पण जानेवारीत भाव चढला की निर्यातदाराचा माणूस येतो, "साखर उतरलीय, एकशेअठराव्या दिवशी काढू." तेव्हा पहिलं पान उघडायचं. ब्याऐंशीव्या दिवशी त्याच औषधाची फवारणी झालेली असेल तर एकशेबाविसाच्या आत कात्री लावायची नाही. भाव किती का असेना. त्या माणसाला तोंडी सांगितलं तर तो घासाघीस करतो, पान दाखवलं की चहा पिऊन जातो.

निफाडकर_बागवान

ताई, तुमची वही बघायला यायला पाहिजे एकदा. पण एक सांगा, एवढं करून एक्स्पोर्टचा भाव मिळेलच याची खात्री कुणी देतं का? व्यापारी बुडवतो तेव्हा फवारणीची वही काय कामाची? आमच्याकडे माल घेऊन पळालेले किती दाखवू. आणि विम्याचं बोलू नका, आमच्या बागेत गारा पडल्या, मी मिलिमीटरसकट लिहिलं, विचारलं कुणी नाही.

सावळजची_ताई

भावाची खात्री कोण देणार भाऊ. मीही देत नाही.

विम्याचं तुमचं खरं आहे. हवामानावरच्या फळपीक विम्यात पाऊस-तापमानाचा आकडा महसूल मंडळाला नेमलेल्या केंद्राचा धरतात, तुमच्या बागेतलं पर्जन्यमापक धरत नाहीत. तरी मी पाऊस लिहिते, विम्यासाठी नव्हे. फवारणीनंतर किती तासांनी आणि किती पडला त्यावर पुन्हा मारायचं की नाही हे ठरतं. चार मिलिमीटरला घाबरून परत मारणारे आणि चाळीसला न मारणारे, दोन्ही बघितलेत.

व्यापाऱ्यासाठी वेगळी वही लागते, ती फवारणीच्या वहीत मिसळू नका. कुठल्या दिवशी किती क्रेट भरले, वजनकाट्याची चिठ्ठी, गाडीचा नंबर, नेणाऱ्याची सही, दर आणि कुठल्या तारखेला पैसे द्यायचे ठरलं. सौदा तोंडी असला तरी सही घ्यायची, निदान रोजच्या वजनाच्या चिठ्ठीवर. पोलिसात गेलं तर पहिलं हेच मागतात. "माल नेला" एवढं सांगून तक्रार उभी राहत नाही, किती नेला ते दाखवावं लागतं.

आणि देशी बाजारात माल देणाऱ्यानंही फवारणीची वही का ठेवावी, हे विचारायचं असेल तर घड जिरण्याचं बोला. एका वर्षी बाग फुटते भरघोस आणि घडाच्या जागी नुसत्या बाळ्या (वेलीचे तंतू). मग गावभर कारणं: ढगाळ होतं, खत जास्त झालं, सबकेन (शेंडा मारून बगलफूट घेणं) उशिरा केली. आमच्याकडे दोन प्लॉट शेजारी, माती एक, एकात घड नीट आणि एकात जिरले. वह्या उघडल्या तर एकाची खरड छाटणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, दुसऱ्याची मे उजाडल्यावर, आणि काडीत घड तयार होण्याचे नेमके दिवस जूनच्या ढगांत सापडलेले. पुढच्या वर्षी त्या प्लॉटची छाटणी लवकर घेतली. कुणा सल्लागाराला पैसे द्यावे लागले नाहीत, आणि तो माल सांगलीच्या पुढं कुठं गेलाही नव्हता.

निफाडकर_बागवान

छाटणीच्या तारखेचं पटलं. बाकीचं बघू. दिंडोरीकर, तो पत्र्याचा डबा सुरू केला की सांग कसं चाललंय.

सांगोला_भगवा

मधेच घुसतो. आमचं डाळिंब आहे, सांगोला तालुक्यात. ताईंची डब्याची पद्धत उचलतोय. पण आमच्याकडे छाटणीनंतरचा दिवस कसा धरायचा? आम्ही कधी आंबे बहार धरतो, कधी मृग, म्हणजे फुलोऱ्याचा हंगामच बदलतो.

नमुना_घेणारा

निर्यातीच्या द्राक्षाची नोंदणी-तपासणी ज्यावर होते त्या ग्रेपनेटसारखंच डाळिंबाला अनारनेट आहे, तेही अपेडाचंच (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेचं). दिवस मोजताना छाटणी धरू नका. ताण (पाणी तोडणं) संपवून, पानगळ करून पहिलं पाणी दिलं तो दिवस शून्य धरा, बहार कुठलाही असो. वहीच्या पानावर वर बहाराचं नाव आणि ती तारीख घाला. आणि दोन बहारांचा माल एकाच झाडावर असेल तर तेही लिहा, कारण एका बहाराच्या कळीला मारलेलं औषध दुसऱ्याच्या तयार फळावर पडलेलं असतं.

दिंडोरी_थॉमसन

डबा आणला. आण्णांनी स्वतः दादांना सांगितलं. उद्या पहाटे ब्लोअर आहे, काय निघतं ते रात्री टाकतो. ताई, खडे कुठल्या आकाराचे घेता? आमच्या टाकीपाशी सगळी वाळूच आहे.

सावळजची_ताई

चिंचोके घे.